डिस्क ४० टक्केच भरली होती

साइटवर कोणालाच लॉगिन होईना. एरर लॉगमध्ये ओळीमागून ओळ एकच : 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे डिस्कवर जागा नाही. सहकाऱ्याने किती जागा भरलीय ते दाखवणारं 'डीएफ -एच' मारलं, तर १०० जीबीची डिस्क जेमतेम ४० टक्के भरलेली. मॉनिटरिंगही हिरवंगार. त्याने सर्व्हर रीस्टार्ट करायची तयारी केली. अशा वेळी रीस्टार्टकडे धावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मी एसएसएचने, म्हणजे दुरूनच, सर्व्हरच्या आत गेलो, एक कमांड अर्धवट टाइप करून टॅब दाबला, तर शेलच (कमांड घेणारा प्रोग्राम) ओरडलं की तात्पुरती फाइल तयार करता येत नाही. तिथेच लक्षात आलं. इनोड मोजणारं 'डीएफ -आय' : १०० टक्के. इनोड म्हणजे डिस्कवरची फाइलची नोंद, प्रत्येक फाइलला एक लागतो. जागा शिल्लक होती, इनोड संपले होते. लॉगची फाइल आधीपासून उघडी होती, म्हणून तिच्यात लिहिणं तेवढं चालू होतं. नवी फाइल मात्र एकही बनत नव्हती.

आमची डिस्क एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टममध्ये (डिस्कवर फाइल्स मांडायच्या पद्धतीत) होती. तिच्यात इनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १६ केबीला एक, म्हणजे १०० जीबीला साधारण ६५ लाख. रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, ५ टक्के ब्लॉक (जागेचे तुकडे) राखून ठेवलेले असतात, पण इनोडना तसं राखीव काही नसतं. त्यामुळे रूट म्हणून आत शिरूनही हात बांधलेलेच.

इनोड खाल्ले होते पीएचपीच्या (साइट ज्या भाषेत लिहिलीय तिच्या) सेशन फाइल्सनी, म्हणजे कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइल्सनी. डेबियन या लिनक्सवर पीएचपीची स्वतःची सफाई बंद असते, ते काम ठरावीक वेळाने चालणारी एक स्क्रिप्ट करते. आमच्या डेव्हलपरांनी सेशनचं फोल्डर कोडमधूनच अ‍ॅपच्या डिरेक्टरीत हलवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तिथे ती स्क्रिप्ट कधी पोचलीच नाही. त्या फोल्डरमध्ये फाइल्सची यादी बघायला नुसतं 'एलएस' केलं तरी ते आधी सगळी नावं गोळा करून क्रम लावत बसतं, स्क्रीनवर काहीच येत नाही. सगळं पुसायला 'आरएम' ला तारांकन दिलं की 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग', म्हणजे नावांची यादी फार लांब. शेवटी 'फाइंड'ला वेळेची अट घालून '-डिलीट' लावलं आणि जुन्या फाइल्स हळूहळू गेल्या.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग. सर्व्हर उभारताना कोणीतरी इन्स्टॉलरचा पहिला पर्याय निवडला होता : सगळं एकाच पार्टिशनमध्ये. त्या पर्यायापुढे 'नव्या वापरकर्त्यांसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे सेशनच्या फाइल्सनी डेटाबेसच्या तात्पुरत्या फाइल्स अडवल्या, मेलची रांग अडवली, रात्रीचा बॅकअपही अडवला.

नवी मांडणी मी एलव्हीएमवर केली. त्यात डिस्कची जागा एका साठ्यात (व्हॉल्यूम ग्रुप) जमा करून हवे तसे भाग (व्हॉल्यूम) काढता येतात. बूट वेगळं, रूट (सिस्टमची मूळ डिरेक्टरी) लहान, बदलत्या डेटाचं 'व्हार' वेगळं, त्यातही 'व्हार/लॉग' स्वतंत्र, डेटाबेस आपल्या व्हॉल्यूमवर, सेशन आपल्या. सेशनला एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टम दिली, कारण ती इनोड लागतील तसे बनवते. आणि व्हॉल्यूम ग्रुपमधली बरीच जागा कोणालाच दिली नाही. "अर्धी डिस्क रिकामी का ठेवलीस रे?" असं बैठकीत विचारलं गेलंच. एक्सएफएस चालू असताना वाढवता येतं, पण वाटून टाकलेली जागा त्याच्याकडून परत मिळेल असं धरून चालता येत नाही. एक्स्ट४ लहान करता येतं, पण अनमाउंट करून, म्हणजे वापर थांबवून. न वाटलेली जागा मात्र ज्याला कमी पडेल त्याला त्याच क्षणी देता येते.

सहकाऱ्याचा एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. सेशनचं पार्टिशन वेगळं असतं तरी ते कधीतरी भरलंच असतं आणि लोकांचं लॉगिन त्या दिवशीही बंदच पडलं असतं. डेटाबेस आणि बॅकअप वाचले असते, हे खरं, पण ग्राहकाला ते दिसत नाही. त्याचं म्हणणं, सेशन टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीत ठेवू. पण तिथेही इनोडला मर्यादा असते, काही वेगळं सांगितलं नाही तर मेमरीच्या पानांच्या (तुकड्यांच्या) निम्मी. शिवाय सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे लॉगआउट. सध्या एक्सएफएसच ठेवलंय, सफाईची स्क्रिप्ट त्या फोल्डरकडे वळवलीय आणि मॉनिटरिंगमध्ये इनोडचा आकडाही घातलाय.