लेखिकेविषयी थोडेसे

पुस्तकाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसावर जरा लक्ष ठेवून बघा. मुखपृष्ठ बघून झालं की तो पुस्तक उलटं करतो. आधी किंमत बघतो, मग कोपऱ्यातला फोटो, आणि मग फोटोखालच्या परिचयाच्या सहा-सात ओळी. प्रस्तावना उभ्याउभ्या कुणी वाचत नाही. अनुक्रमणिका चाळली तर चाळली. म्हणजे वर्षानुवर्षं खपून लिहिलेल्या पानांची वकिली करायची ती या सहा-सात ओळींनी, आणि त्या लिहायला लेखकाला मिळते जेमतेम एक दुपार. कारण प्रकाशकांचा निरोप ठरलेला असतो : 'ताई, ऐंशी शब्दांत परिचय पाठवा, सोबत फोटो. कव्हर संध्याकाळी छपाईला जातंय.'

यातली पहिली अडचण अशी, की परिचय लिहायचा आपणच आणि तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलाय असं भासवायचं. मराठीत तर ही पंचाईत दुप्पट, कारण स्वतःबद्दल तृतीयपुरुषात बोलायला लागलं की आदरार्थी बहुवचन आलंच. 'त्यांचे लेखन', 'त्यांची शैली', 'त्यांना लाभलेला'. सकाळपासून 'अगं, दूध उतू गेलं बघ' हे ऐकणारी बाई दुपारी स्वतःलाच अहो-जाहो करत बसते. 'त्यांची शैली ओघवती असून' इथपर्यंत मी दरवेळी येते. असून काय? पुढे गाडी हलत नाही. शैली ओघवती आहे हे मलाच सांगावं लागत असेल, तर ओघ नक्की कुठे गेला असा प्रश्न पडतो.

मग आपण इतरांचे परिचय वाचायला घेतो, म्हणजे घरातल्या कपाटातली पुस्तकं एकेक काढून उलटी करतो. (दुपार संपते ती इथेच.) वाचता वाचता या लिखाणाची बोलीच वेगळी आहे हे कळतं. 'विविध नियतकालिकांतून सातत्याने लेखन' यातले विविध म्हणजे बहुधा दोन, आणि सातत्य म्हणजे दिवाळी ते दिवाळी. 'अनेक मान्यवर संस्थांचे पुरस्कार' असं लिहिलं की संस्था विचारू नयेत. 'कविसंमेलनांत निमंत्रित' यातून बाकीचे न बोलावता गेले होते असं उगाच वाटतं. छंदांत 'वाचन' लिहिणाऱ्या लेखकांचं तर मला फारच नवल वाटतं. वाचन हा यांचा फावल्या वेळचा छंद, तर मग एरवी काय करतात?

बायकांच्या परिचयाची तऱ्हा आणखी वेगळी. जुन्या पुस्तकांवर नावाआधी 'सौ.' असायचं, मग माहेरचं नाव, मग 'घरसंसार सांभाळून लेखनाची आवड जोपासली.' घरसंसार सांभाळून लिहिणारा एकही पुरुष अजून माझ्या वाचनात आलेला नाही. त्यांच्याकडे घरं नसावीत.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण १९३३चं. 'कळ्यांचे निःश्वास' आलं, वर नाव विभावरी शिरूरकर, आणि ही बाई कोण हे कुणाला माहीत नाही. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातलं तिनं लिहिलं होतं. त्यावरून गदारोळ झाला, आणि लिहिणारी नक्की कोण याचा शोध घेणं हाही त्या गदारोळाचाच भाग होता. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. आज वाटतं, त्या वेळी मलपृष्ठावर 'शिक्षण अमुक, वास्तव्य तमुक' छापलं असतं तर लोक पुस्तक सोडून पत्ता शोधत त्यांच्या दारात गेले असते. परिचय नसणं हेच तिथे संरक्षण होतं.

जी. ए. कुलकर्ण्यांचीही आठवण होते. धारवाडला इंग्रजी शिकवायचे, सभासमारंभांपासून लांब राहायचे, आणि फोटोत डोळ्यांवर काळा चष्मा. 'काजळमाया'ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी परत केला. आता हे परिचयात कसं बसवायचं? 'साहित्य अकादमी पुरस्काराने सन्मानित' लिहावं तर पुढे 'पण नको म्हणाले' हेही लिहायला हवं.

माझ्या मते मात्र मराठीतला सर्वांत चांगला लेखक-परिचय पावणेचारशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तोही लेखकानं मागणीवरूनच लिहिलेला. संतांनी तुकोबांना विचारलं, तुमची हकिगत सांगा. तुकोबा सुरुवातीलाच कुरकुरतात : 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं ॥' स्वतःबद्दल बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा संकोच आजच्या प्रत्येक लेखकाला होतो, फक्त तो छापून कुणी येऊ देत नाही. पण जात सांगतात, धंदा सांगतात, कुळदैवत सांगतात. दुष्काळात पैसा आटला, मान गेला, एक बायको 'अन्न अन्न करितां मेली' हेही सांगतात. मोडकं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं, एकादशीला कीर्तन करू लागलो पण आधी अभ्यासात चित्त नव्हतं, मग संतांची वचनं पाठ केली. कवित्वाची स्फूर्ती येते ती या सगळ्याच्या नंतर, एका ओळीत. आणि लगेच पुढे : 'बुडविल्या वह्या बैसलों धरणें.'

'प्रकाशित साहित्य' या मथळ्याखाली आपण सगळे यादी देतो. बुडवलेल्या वह्यांची यादी दिलेला दुसरा लेखक मला माहीत नाही. आणि गंमत म्हणजे शब्दमर्यादाही त्यांनी स्वतःच पाळली आहे : 'विस्तारीं सांगतां बहुत प्रकार । होईल उशीर आतां पुरे ॥' कुणी संपादकानं कापायच्या आधीच त्यांनी हात आवरता घेतला.

त्यांच्याच शिष्या संत बहिणाबाई. त्यांनी आत्मनिवेदनाचे अभंग रचले आणि या जन्माचं सांगून भागेना म्हणून आधीचे बारा जन्मही सांगितले. ऐंशी शब्दांत बसवा म्हणावं!

बाकीच्या संतांचं तर नावातच सगळं येऊन जायचं. सावता माळी, गोरा कुंभार, नामा शिंपी. काम काय करतो आणि लिहितो कुठल्या जागेवरून, हे दोन शब्दांत कळतं. वाचकाला खरं तर एवढंच हवं असतं : हे लिहिणारा माणूस कुठे उभा राहून बोलतोय. सावत्याच्या अभंगातला कांदा-मुळा कुठून आला हे सांगायला पुरस्कारांची यादी लागत नाही.

मी महसूल खात्यात होते. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. हे लिहिलं की प्रकाशकमंडळी जरा नाराज होतात. त्यांना 'साहित्याची आवड लहानपणापासूनच' हे बरं वाटतं. पण माझ्या लेखांतली निम्मी माणसं चावडीत भेटलेली आहेत. वीतभर बांधासाठी सख्ख्या भावांना कोर्टात जाताना मी बघितलंय, आणि तेच भाऊ एका दुचाकीवरून तारखेला जातात हेही बघितलंय. हे न सांगता मी नुसती 'संवेदनशील लेखिका' कशी होऊ?

सातबारा रोज हाताळलेल्या माणसाला परिचय वाचताना एक रकाना कायम कमी असल्यासारखा वाटतो. उताऱ्यावर कब्जेदाराचं नाव ठळक असतं, गट नंबर असतो, क्षेत्र असतं, आकार म्हणजे शेतसारा असतो. नवखा माणूस मालकाचं नाव बघून खूश होतो. जाणता माणूस आधी 'इतर हक्क' बघतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, कुळाचं नाव आहे का, सामाईक विहिरीत कुणाकुणाचा हिस्सा आहे, सगळं तिथे. जमीन कुणाच्या नावावर आहे हे एका बाजूला आणि तिच्यावर कुणाकुणाचं देणं आहे हे दुसऱ्या बाजूला. लेखकाच्या परिचयात मात्र फक्त नाव आणि क्षेत्र. त्यातही क्षेत्र वाढवून लिहिलेलं.

आणि हे वाढवलेलं क्षेत्र असतं कुणासाठी? अनोळखी वाचकासाठी तर नक्कीच नाही. त्याला मला कुठल्या स्मृती-पुरस्काराचं उत्तेजनार्थ मिळालं याच्याशी काही देणंघेणं नसतं. ती ओळ असते नणंदेसाठी, ऑफिसातल्या त्या एका सहकाऱ्यासाठी, मॅट्रिकला आपल्याला 'हिच्या हातून निबंध होणार नाही' म्हणालेल्या बाईंसाठी. परिचय हा ओळखीच्या माणसांना लिहिलेला मजकूर आहे, म्हणूनच त्यावर फोनही त्यांचेच येतात. माझं मागचं पुस्तक आलं तेव्हा आतल्या एका लेखाबद्दल कुणी बोललं नाही. पण चुलतभावानं फोन करून विचारलं, 'गावाचं नाव का नाही घातलंस? तालुका घातलास, मग गावानं काय घोडं मारलं होतं?' मावशी म्हणाली फोटो जुना आहे. तो जुना आहे म्हणूनच तर दिला होता.

आता तर परिचय एका पुस्तकापुरताही राहिलेला नाही. इन्स्टाग्रामला दीडशे अक्षरांचा लागतो, काना-मात्रांसकट, दिवाळी अंकाला दोन ओळींचा, व्याख्यानमालेला पानभर. त्यातला पानभराचा सर्वांत धोक्याचा. सूत्रसंचालक 'ताईंचा परिचय करून देण्याची गरजच नाही' असं म्हणतात आणि मग तो पूर्ण वाचतात. आपणच लिहिलेलं आपलं कौतुक, दुसऱ्याच्या तोंडून, माईकवर. अशा वेळी चेहऱ्यावर नक्की कुठला भाव ठेवायचा हे अजून मला जमलेलं नाही. मी पाण्याची बाटली उघडत बसते.

तर या खेपेला मी प्रथमपुरुषात लिहून पाठवलं. ओघवती शैली नाही, छंद नाहीत. 'महसूल खात्यात तलाठी होते. बांधांची भांडणं ऐकता ऐकता लिहायला लागले. गावाकडचं नाव माई. इतर हक्क : गोष्टी सांगणारी आजी, त्याच गोष्टी उलट्या करून सांगणारे आमचे कोतवाल आणि तालुक्याचं वाचनालय.' तुकोबांना स्मरून तिथेच थांबले. शब्द ऐंशीच्या पुष्कळ आत.

तासाभरात प्रकाशकांचा फोन. 'ताई, परिचय एकदम वेगळा झालाय, आवडला. फक्त ते हक्कांचं आधी बोलायला हवं होतं. आपला करार तर एकट्या तुमच्या नावावर झालाय. आजींची सही कधी मिळेल?'