नवं ब्लेड, तीच रेघ (ब-५ ते ब-८)

हातोडीच्या डोक्याचे चपटे कृमी मेणात बसवून मी त्यांचे पातळ छेद (सेक्शन) कापते; त्यांवर येणाऱ्या रेघेचं मूळ सापडलं. सापडल्यावर आनंद व्हायच्या आधी अर्धा तास स्वतःवरच चिडून बसले होते. तीन महिने मी मेणाला बोल लावला, ब्लेडला लावला, मायक्रोटोमच्या (छेद कापायच्या यंत्राच्या) झिजलेल्या स्क्रूला लावला. गुन्हेगार निघाला वाळूचा एक कण. तो कृमीच्या पोटात होता, आणि तिथे आला होता गांडुळाच्या पोटातून.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना ब-मालिका (क्रमांक दिलेले माझे कृमी) पाठ असेल. जमिनीवर राहणारे, हातोडीच्या डोक्याचे, अंग पिवळट तपकिरी, पाठीवर मधोमध एकच गडद पट्टा. फोटो टाकला की तासाभरात तीन नावं येतात, तिन्ही ठामपणे. माझं म्हणणं जुनंच आहे: एका पट्ट्यावरून जाती सांगणं म्हणजे शर्टावरून आडनाव ओळखणं. पसरट डोकं म्हणजे बायपॅलिनी उपकुल, इथवर बाहेरून कळतं. वंश ठरवायचा तर मैथुन-अवयवांचे उभे छेद हवेत. नोव्हिबायपॅलियममध्ये शिश्नाचा कायमचा पॅपिला (पुढे आलेलं मांसल टोक) नसतो, किंवा असला तरी नावापुरता. बायपॅलियम आणि हंबर्टियम दोन्हींत तो ठसठशीत असतो, पण हंबर्टियममध्ये अंडवाहिन्या मादी-भागात पुढच्या बाजूने शिरतात आणि बायपॅलियममध्ये त्या मागे जाऊन, वर वळून मग आत येतात. ज्यांच्या आतलं कुणी पाहिलेलंच नाही अशांसाठी २००२ साली डायव्हर्सिबायपॅलियम नावाची धर्मशाळा उघडली गेली. माझ्या डबीवर सध्या तेच नाव आहे, पेन्सिलने.

ब-४ची गत आठवत असेलच. सव्वादोनशे सेक्शन कापले आणि आत जननेंद्रियांचा पत्ताच नाही. शेपटीचा तुकडा टाकून वाढणाऱ्या कृमीत असं होणारच. बायपॅलियम केवेन्सचं तर हे नेहमीचं रडगाणं: मोझलीने १८७८ साली क्यू बागेच्या काचघरातल्या नमुन्यावरून नाव दिलं, पण मूळ प्रदेशाबाहेर त्याचे वयात आलेले नमुने क्वचितच हाती लागतात. तेव्हापासून नियम केलाय की पोटाच्या बाजूने, तोंडाच्या मागे, जननछिद्राची फिकट चीर भिंगाखाली स्पष्ट दिसल्याशिवाय गरम पाणी ओतायचं नाही.

ब-५ला चीर होती. मारणं उत्तम झालं: कृमी पूर्ण लांब होऊन सरपटत असताना उकळीला आलेलं पाणी एका दमात ओतलं, तसाच सरळ राहिला, वेटोळं नाही, पीळ नाही. (डीएनएसाठी कडेचा छोटा तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये. फॉर्मॅलिननंतर आठवण होऊन उपयोग नसतो, हे मी एकदा शिकलेय.) दहा टक्के फॉर्मॅलिन, मग अल्कोहोलच्या पायऱ्या, लवंगतेल, मेण. छेद सात मायक्रॉनचे, डावीकडून उजवीकडे. मेणात बसल्यावर रुंदी तीन मिलिमीटर, म्हणजे सगळे मिळून चारशेच्या वर सेक्शन. पहिले शंभरेक इतके सुरेख आले की रिबन (सेक्शनांची सलग पट्टी) हलू नये म्हणून मी श्वास रोखून धरत होते. मधल्या भागात पोचले आणि प्रत्येक सेक्शनवर एक उभी रेघ. बरोब्बर शिश्नाच्या मधून. पॅपिलाचे दोन तुकडे, दोन्ही किंचित सरकलेले, मध्ये पांढरी फट. छापील पानाला मधोमध घडी पडून तिथलंच अक्षर जावं तसं.

ब्लेडला खाच पडली की रेघ येते, हे पहिल्या दिवशीच शिकवतात. म्हणून ब-६ला कोरं ब्लेड लावलं. मेण गाळून घेतलं, कारण पुरवठादाराच्या मेणगोळ्यांत धूळ असते असं मी गेल्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं. ब्लॉक बर्फावर गार केला, ब्लेडचा कोन दोन अंशांनी बदलला. रेघ आली. कोरं ब्लेड, गाळलेलं मेण, आणि रेघ पुन्हा त्याच भागात. मग जाड पोलादी सुरी काढली, ती पट्ट्यावर तासभर परजली. (डिस्पोजेबल ब्लेडं आल्यापासून सुऱ्यांना कुणी विचारत नाही. मला मात्र अजूनही मऊ ऊतकासाठी सुरीच बरी वाटते. ब्लेड कडेने थरथरतं.) उरलेल्या ब्लॉकवर सुरी बिनरेघेची चालली, पण तोवर मधला भाग कापून संपला होता. त्यामुळे सुरीने प्रश्न सुटला असा माझा आठवडाभर गोड गैरसमज होता.

खरा धागा हातात आला तो कंटाळ्यातून. दोन्ही मालिकांच्या स्लाइड ओळीने लावून फक्त एवढंच नोंदवत बसले की रेघ कितव्या सेक्शनला सुरू होते. ब-५: १४१. ब-६: १३८. दोन वेगळे कृमी, दोन वेगळी ब्लेडं, आणि रेघ जवळपास एकाच खोलीवर उगवते. ब्लेड मुळात खराब असतं तर रेघ पहिल्या सेक्शनपासून असती. म्हणजे तिथवर ब्लेड धड होतं आणि तिथे त्याला काहीतरी लागलं.

तिथे काय असतं? इथे तीन शाखांचं आतडं आठवायचं, ज्यावरून ट्रायक्लॅडिडा हे नाव पडलं. एक शाखा ग्रसनीच्या (अन्न ओढून घेणाऱ्या नळीच्या) पुढे डोक्याकडे जाते. दोन मागे येतात, ग्रसनीच्या दोन बाजूंनी, आणि तशाच मैथुन-अवयवांच्याही दोन बाजूंनी शेपटीपर्यंत. गुदद्वार नाही, आलेलं तोंडानेच परत जायचं. डावीकडून कापत आलं की मधल्या अवयवांआधी डावी मागची शाखा पार करावीच लागते. १२० ते १६० हा तिचाच मुलूख.

ब-६ची १३७वाली स्लाइड काढली. नेहमीच्या प्रकाशात आतड्याच्या पोकळीत एक फाटकं भोक, कडेला काहीतरी रंगहीन चिकटलेलं. मेणाचा अवशेष म्हणून मी ते आधी दोनदा ओलांडलं होतं. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक फिल्म सोलून ठेवलेली होती. एक तुकडा दिव्यावर, दुसरा आडवा करून नळीत. सगळं काळं झालं, स्नायूंच्या पट्ट्या राखेसारख्या अंधूक, आणि त्या भोकाच्या काठावर एक ठिणगी. स्लाइड हळूहळू गोल फिरवली: ठिणगी विझली, पेटली, विझली, पेटली. पूर्ण फेरीत चार वेळा विझली. वाळूचा कण, बहुधा क्वार्ट्झ. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

आता सगळं जुळतं. कृमी ग्रसनी बाहेर काढून गांडुळावर पसरतो, पाचक रस सोडतो आणि विरघळलेलं ओढून घेतो. गांडूळ फाटलं की त्याच्या आतड्यातली मातीही त्या ओघात आत जाते. तो कण डाव्या शाखेत शिश्नाच्या रेषेत बसला होता. ब्लेडने तो कापला नाही, ढकलला, आणि स्वतः खाच खाल्ली. त्यापुढच्या प्रत्येक सेक्शनवर त्याच जागी रेघ. मी दर वेळी नवं ब्लेड ब्लॉकच्या सुरुवातीला लावत होते, म्हणजे त्याला कणावर नेऊन आपटायला!

मेणवाल्याची या जागी जाहीर माफी. त्याचं मेण स्वच्छ होतं. त्याच्याकडच्या स्लाइडच्या चिकटद्रवाबद्दलचं मत मात्र कायम आहे, निम्मे सेक्शन रंगात तरंगून जातात.

ब-७वर साधा उपाय केला. १६५पर्यंत जुन्याच ब्लेडने कापलं, मग ब्लेड बाजूला सरकवून कोरी धार समोर आणली. उजवी शाखा येईपर्यंत पुन्हा खाच पडायचं कारण नाही, आणि तोवर मधलं काम झालेलं असतं. स्लाइड ११. रेघ नाही.

हे सावकाश सांगते, कारण तीन महिने वाट पाहिलीय. मॅलरीच्या रंगात वरच्या कातडीत रॅबडाइटच्या बारीक काड्या लालभडक, दाटीने उभ्या. खाली आडवे, तिरपे, उभे स्नायू. मध्ये जननछिद्र, त्याच्या पुढे नर-कोष्ठ आणि त्यात मागच्या दिशेने टोक केलेला पॅपिला, अखंड, जाड स्नायूंचा, मधून जाणारी स्खलननलिका थोडी नागमोडी. भोवतीचा ग्रंथींचा स्राव निळा. म्हणजे नोव्हिबायपॅलियम बाद. एका सेक्शनने एक वंश पुसला, आणि तो मी पुसला.

अंडवाहिन्यांनी मात्र रडवलं. अंडाशय पार पुढे, डोक्यामागेच. तिथून दोन्ही नळ्या पोटाच्या बाजूने मागे येतात. डावी नळी मी स्लाइड ७पासून धरून आणली, प्रत्येक सेक्शनमध्ये पेन्सिलने खूण करत. जननछिद्राच्या पातळीला आली, आणखी मागे सरकली, वर वळते आहे असं वाटलं, आणि स्लाइड १२च्या सुरुवातीचे पाच सेक्शन घडी पडलेले. पाणी जास्त गरम झालं होतं, चूक माझीच. घडीच्या पलीकडे नळी दिसते, पण ती तीच की दुसरी, हे शपथेवर सांगू शकत नाही. मन बायपॅलियमकडे झुकतंय. मन झुकलं म्हणून लेबल शाईने लिहीत नाहीत.

एकाने विचारलं होतं की मी लेबलांवर टेरिकोला (जमिनीवरच्या चपट्या कृमींच्या जुन्या गटाचं नाव) का लिहीत नाही. कारण २००९च्या मांडणीत तो गट राहिला नाही. जमिनीवरचे सगळे आता जिओप्लॅनिडी या एका कुलात, आणि त्यांचे जवळचे नातलग गोड्या पाण्यातले ड्यूगेसिडी. दोन्हींत १८-एस (रायबोसोमच्या आरएनएच्या) जनुकाची एकच जुनी दुपटी आहे, गोड्या पाण्यातल्या इतर कुलांत नाही. ‘जमिनीवरचे विरुद्ध पाण्यातले’ ही वाटणी राहण्याची जागा सांगते, नातं नाही. ज्याला जुन्या ग्रंथांची आवड आहे त्याने जमिनीवरच्या चपट्या कृमींवरचा ग्राफचा १८९९चा खंड जरूर पाहावा, चित्रांसाठी तरी. नावं मात्र तिथून उचलू नयेत.

ब-८चं थोडक्यात. वाळूवर उपाय म्हणजे उपास, असं ठरवून त्याला चार आठवडे काही दिलं नाही. आतडं रिकामं झालं असेल, पण कृमी निम्मा झाला आणि जननछिद्राची चीर दिसेनाशी झाली. गोड्या पाण्यातले प्लॅनेरिया (यांचेच चपटे नातलग) उपाशी ठेवले की अंग आटवतात आणि प्रजननाचे अवयव आधी मोडीत काढतात, हे मला ठाऊक होतं. इथेही तेच होईल हे डोक्यात आलं नाही. त्याला पुन्हा खायला घातलंय. बघू.

मग पुढच्यासाठी दहा दिवसांचा उपास ठेवावा असं इथे लिहिणार होते. पण लिहिता लिहिता वेगळंच सुचलं: कृमीला का उपाशी ठेवायचं? गांडुळालाच ठेवू. ओल्या टिपकागदावर दोन दिवस ठेवलं की गांडूळ आतडं बरंचसं रिकामं करतं, मातीच्या चाचण्या करणारे हे नेहमी करतात. स्वच्छ गांडूळ आत गेलं तर वाळू येणारच कुठून? शेवटची दोन-तीन जेवणं अशी, मग चार दिवस थांबून गरम पाणी. अवयव शाबूत, ब्लेड शाबूत.

आणि हे जमलं तर ब-९ उभा कापायचाच नाही. आडवा कापणार, पाठीला समांतर, म्हणजे दोन्ही अंडवाहिन्या एकाच सेक्शनमध्ये शेजारी-शेजारी दिसतील आणि ‘ही तीच का’ हा वाद मिटेल. आडव्या छेदांत ब्लेड सरकवायची युक्ती चालत नाही, कारण आतड्याच्या शाखा आणि मैथुन-अवयव एकाच वेळी ब्लेडखाली येतात. तिथे पोट स्वच्छच लागतं. खालचा रांगायचा पट्टा आधी कापला जाईल, तो सपाट बसवणं कटकटीचं आहे. कुणी केलं असेल तर कळवा, विशेषतः मेणात बसवताना वर काय वजन ठेवलंत ते. कणांची शंका असलेल्यांनी आपल्या जुन्या फुकट गेलेल्या स्लाइडही ध्रुवक फिल्ममधून एकदा बघा. माझ्या ब-५मध्ये आणखी दोन ठिणग्या सापडल्या.

कृमी हाताळताना मी हातमोजे घालते यावरून ज्यांनी गेल्या वेळी चेष्टा केली त्यांच्यासाठी: बायपॅलियमच्या दोन जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे मज्जातंतूंवरचं जहाल विष सापडल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालंय. मी मोजे घालणार.

तीन गांडुळं आत्ता टिपकागदावर आहेत. संध्याकाळपर्यंत कागदावर काळ्या गोळ्यांची बरीच रांग झाली होती. कागद सकाळ-संध्याकाळ बदलावा लागतो, नाहीतर टाकलेलंच परत खातात.