तम्मूझ नावाचा महिना

ज्यांनी आपलं देऊळ पाडलं, त्यांच्याच महिन्यांची नावं आपल्या पंचांगात कोण घेईल? यहुद्यांनी घेतली. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं आणि माणसं धरून नेली. पुढे इराणच्या कुरूश राजाने मोकळीक दिल्यावर लोक परतले, ते निसान, सिवान, एलूल, अदार ही नावं घेऊनच. तालमूद ह्या यहुदी धर्मग्रंथाने तर कबूलच केलंय की महिन्यांची नावं बाबिलोनहून आली.

त्याआधी बहुतेक काम आकड्यांवर भागायचं, पहिला महिना, सातवा महिना. अवीव, झीव अशी चारच जुनी नावं बायबलमध्ये उरलीत.

मला खरी गंमत वाटते ती तम्मूझची. हा मेसोपोटेमियाचा देव, दरसाल मरणारा. मंदिराच्या उत्तर दारात बायका त्याच्यासाठी रडत बसलेल्या यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टांतात दिसल्या, आणि देवाने त्याला किळसवाणं पाप म्हटलं. त्याच देवाचं नाव पुढे धार्मिक पंचांगात जाऊन बसलं, आणि त्याच महिन्यात १७ तारखेचा उपासही आला! अर्थात, इराणी साम्राज्याचा कारभारच बाबिलोनी तारखांवर चालायचा. नाईलकाठच्या एलिफंटाईन बेटावरच्या यहुद्यांच्या करारपत्रांवरही ह्याच तारखा आहेत, शेजारी मिसरी तारीख टाकलेली. जमिनीचा व्यवहार करायचा तर तारखेशी भांडून कसं चालेल? आपण तरी जुलैत ज्युलियस सीझरची आठवण कुठे काढतो?

हेश्वान, म्हणजे पूर्ण नावाने मार्हेश्वान, ह्या महिन्याची तर कमालच. बाबिलोनी भाषेत ते नाव म्हणजे नुसतं ‘आठवा महिना’. ते विसरलं गेलं आणि मार्हेश्वानमधला ‘मार’ म्हणजे कडू, कारण ह्या महिन्यात एकही सण नाही, अशी फोड रूढ झाली. आधीच्या सणासुदीच्या तिश्री महिन्यानंतर तसं वाटणारच म्हणा.

आमच्या कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांनी मात्र सणांना थेट घरचीच नावं दिली. अदारमधला पुरीम बहुधा फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचा सण. आव्ह महिन्याच्या नवमीला मंदिर पडल्याचा शोक पाळतात. त्या दिवसांत मटण-मासळी बंद, ताटात वालाचं बिरडं, म्हणून तो बिरड्याचा सण. ‘आव्ह’ हे नावसुद्धा बाबिलोनीच, म्हणजे मंदिर पाडणाऱ्यांचंच. निदान बिरडं तरी अलिबाग-पेणकडचं आहे.