पहिल्या एचटीएमएलमधला नोइंडेक्स

नवी आवृत्ती प्रकाशित झाल्यानंतर गूगलच्या सर्च कन्सोल या साधनाच्या अहवालात नोइंडेक्समुळे, म्हणजे ‘हे पान शोधाच्या यादीत (इंडेक्समध्ये) घेऊ नका’ या सूचनेमुळे, वगळलेल्या पानांचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकू लागला, आणि यादी उघडून पाहिली तेव्हा त्यात ऑनलाइन विक्रीच्या त्या संकेतस्थळाची थेट उत्पादनांचीच पाने निघाली. मी त्यांतली काही पाने ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये तपासली, पण नोइंडेक्स कुठेच दिसेना. डेव्हलपरांनाही तो दिसत नव्हता. अहवालच जुना असावा, असे त्यांचे म्हणणे पडले आणि समोर दिसत होते त्यावरून ते रास्तही होते.

मात्र इन्स्पेक्टमध्ये दिसते ते जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचे पान. सर्व्हरने मुळात काय पाठवले हे पाहायचे तर पेज सोर्स उघडावा लागतो किंवा कर्ल या आज्ञेने पान मागवावे लागते. कर्लने मागवलेल्या एचटीएमएलमध्ये, हेड या वरच्या भागाच्या सुरुवातीलाच, शोधयंत्रांना सूचना देणारा रोबोट्स मेटा टॅग होता आणि त्यात नोइंडेक्स लिहिलेले होते. उत्पादनाची माहिती येऊन पोहोचली की जावास्क्रिप्ट तो टॅग काढून टाकत असे. माणसाला त्यामुळे काहीच फरक पडत नव्हता. पण गूगलबॉटला, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला, सुरुवातीच्या एचटीएमएलमध्येच नोइंडेक्स आढळला, तर तो पुढचे रेंडरिंग (जावास्क्रिप्ट चालवून पान उभे करणे) टाळू शकतो, म्हणजे टॅग काढणारा कोड त्याच्यासाठी चालतच नाही. सगळी पाने एकदम न गळता रोज थोडी थोडी का गळत होती, हेही इथेच स्पष्ट झाले, कारण बॉट पुन्हा ज्या पानावर येई तेवढेच पान बाहेर पडत होते.

हे असे का लिहिले गेले, हा प्रश्न मी दोष शोधण्यासाठी विचारला नव्हता, आणि ज्या डेव्हलपरने तो कोड लिहिला होता त्याने लगेच मूळ तिकीट, म्हणजे कामाची लेखी मागणी, उघडून दाखवले. मी या कामावर येण्यापूर्वीचे ते तिकीट एका ओळीचे होते: रिकाम्या उत्पादन पानांवर नोइंडेक्स लावावा. माहिती येईपर्यंत प्रत्येक पान रिकामेच असते, तेव्हा आधी टॅग लावायचा आणि माहिती आल्यावर काढायचा, हा त्याचा विचार अभियांत्रिकीच्या दृष्टीने सावध आणि सुसंगत होता. तिकिटात टॅगचे नाव होते, पण पान कोणाला, कोणत्या टप्प्यावर, कसे दिसले पाहिजे याबद्दल एक शब्दही नव्हता. सर्चच्या कामातल्या आपल्या बहुतेक मागण्या अशाच लिहिलेल्या असतात, याची मला मनापासून खंत वाटते.

दुपारी प्रॉडक्ट मॅनेजरने सर्वांना एकत्र बसवले. तिने नोइंडेक्स म्हणजे काय हे न विचारता पहिल्यांदा विचारले की, पुढच्या नियोजित रिलीजपर्यंत थांबलो तर काय गमावू. मी उत्पादन पानांवर शोधातून येणारी भेट आणि तिच्यातून होणारी विक्री, जी पाने अजून इंडेक्समध्ये होती त्यांच्यासह, तिच्यापुढे मांडली. तो एक तक्ता कोणत्याही तांत्रिक स्पष्टीकरणापेक्षा उपयोगी ठरला.

आवृत्ती मागे घेण्याचा पर्याय तिने लगेच बाजूला ठेवला, कारण त्याच रिलीजमध्ये पैसे भरताना अडणाऱ्या ग्राहकांसाठीची दुरुस्ती होती आणि ती गमावणे परवडणारे नव्हते. मग एका डेव्हलपरने सुचवले की, सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या हेडरमध्ये एक्स-रोबोट्स-टॅग ही तशीच सूचना टाकून त्यात ‘इंडेक्स’ म्हणावे, म्हणजे पानाच्या कोडला हात लावायला नको. हे चालले नसते. दोन सूचना परस्परविरोधी असतील तर गूगल अधिक कडक सूचना पाळतो. दुरुस्ती होईपर्यंत ही पाने रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये, म्हणजे बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवावीत, असेही कोणी म्हणाले. त्याने तर नुकसान वाढले असते, कारण बॉटला पान वाचताच आले नाही तर टॅग निघाल्याचे त्याला कळणार कसे?

शेवटी टेम्प्लेटमधून, म्हणजे उत्पादन पानांच्या सामाईक साच्यातून, तो टॅग सरसकट काढायचे ठरले. काही काळ थोडी रिकामी पाने शोधात दिसली तरी चालतील, हे प्रॉडक्ट मॅनेजरने जाणूनबुजून स्वीकारले आणि तिकिटात तसे लिहूनही ठेवले. बदल प्रकाशित झाल्यावरही कर्लमध्ये जुनेच एचटीएमएल येत राहिले, तेव्हा सीडीएनचा, म्हणजे पानांच्या प्रती साठवून देणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याचा, कॅशे (साठवलेल्या प्रती) साफ करावा लागला. त्यानंतर साइटमॅपमध्ये, म्हणजे शोधयंत्रांसाठीच्या पानांच्या यादीत, ज्या पानांचा मजकूर खरोखर बदलला होता त्यांच्याच लास्टमॉडच्या (शेवटच्या बदलाच्या) तारखा पुढे नेल्या, कारण या तारखा सातत्याने खऱ्या असतील तरच गूगल त्यांचा विचार करतो. सर्व पाने हाताने पाठवणे शक्यच नव्हते, म्हणून सर्वाधिक विक्रीची निवडक पानेच सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा क्रॉलसाठी, म्हणजे बॉटने पुन्हा वाचण्यासाठी, सुचवली. बाकीची पाने बॉटच्या गतीनेच परतणार होती आणि ही गोष्ट मी प्रॉडक्ट मॅनेजरला आधीच सांगितली होती.

पुढच्या नियोजनात त्याच डेव्हलपरने स्वतःहून एक तपासणी लिहिली. प्रत्येक टेम्प्लेटचे एक नमुना पान जावास्क्रिप्टशिवाय मागवायचे, आणि स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक), टायटल, कॅनॉनिकल (पानाचा मुख्य पत्ता सांगणारा टॅग) किंवा रोबोट्स टॅग अपेक्षेप्रमाणे नसेल तर बिल्ड, म्हणजे नव्या आवृत्तीची बांधणी, थांबवायचे. अपेक्षा काय असाव्यात हे मी लिहून दिले आणि ते नेमक्या शब्दांत मांडताना मला स्वतःला बराच विचार करावा लागला.

मूळ तिकीट बंद करताना प्रॉडक्ट मॅनेजरने विचारले की, माल नसल्याने रिकामी राहणारी ही पाने शोधातून काढायचीच कशासाठी, कारण तात्पुरता संपलेला माल शोधणारा ग्राहकही आपलाच ग्राहक आहे. चर्चेअंती ठरले की, अशी पाने इंडेक्समध्ये राहतील, त्यांच्या स्ट्रक्चर्ड डेटामध्ये, म्हणजे शोधयंत्रांसाठी ठरावीक रचनेत दिलेल्या माहितीत, माल उपलब्ध नसल्याचे नमूद होईल आणि ग्राहकाला पर्यायी उत्पादने दिसतील. जे उत्पादन कायमचे बंद झाले त्याच्या पानासाठी सर्व्हरच 404 (पान सापडले नाही) किंवा 410 (पान काढून टाकले) हा कोड देईल. उत्पादन पानांवर नोइंडेक्स लावण्याची गरजच त्यानंतर उरली नाही.