चुन्याने आखलेलं बसस्थानक

तालुक्याच्या गावी कलम ३७ ची, म्हणजे विकास आराखड्यातल्या फेरबदलाची, सुनावणी असली की मी डबा नेत नाही. अकराला बसलेलं काम दोनच्या आत उरकतं आणि स्टँडवर तर्री-पोहे खाऊन परतीची गाडी मिळते. या वेळी मात्र संध्याकाळ झाली, पोहे संपले.

मी नगर रचना कार्यालयात रचना सहायक आहे. प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेचं. एसटी स्टँडची जागा आणि तिला लागून असलेलं आठवडी बाजाराचं आरक्षण (आराखड्यात त्यासाठी राखून ठेवलेली जागा) एकत्र करून बीओटीवर, म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर, मोठं संकुल बांधायचं: तळमजल्यावर बसचे फलाट आणि दुकानं, पहिल्या मजल्यावर बँक आणि कार्यालयं, त्यावर तीन मजले फ्लॅट. बाजाराचं आरक्षण बदलायचं म्हणजे नगर रचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ आलं. नोटीस, महिनाभर हरकती-सूचना, सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे. निवडणुका लांबल्यामुळे नगर परिषदेवर प्रशासक होते. एसडीओ (उपविभागीय अधिकारी) मॅडमच प्रशासक, त्यामुळे सुनावणीही त्यांच्याचपुढे.

सल्लागारांची टीम नागपूरहून आली होती. पहिलीच स्लाइड नागपूर मेट्रोची. मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात एफएसआय ४ पर्यंत मिळतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम करता येतं. स्टेशनाजवळ घरं, ऑफिसं, दुकानं दाटीने आली की माणसं स्वतःची गाडी घरी ठेवून मेट्रोने जातात. तेच सूत्र आपण इथे बसस्थानकाला लावतोय, वगैरे. सूत्र चूक नाही. आणि विदर्भाला ते नवंही नाही. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि रुळांच्या कडेने जिनिंग-प्रेसिंग आणि कापसाचे बाजार उभे राहत गेले. धामणगाव रेल्वेच्या तर नावातच स्टेशन आहे. फक्त तिथे गाडी आधी आली आणि तिच्यामागे वस्ती आली. या नकाशात उलटं दिसत होतं. वरच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ आधी ठरलेलं आणि खाली जे उरलं त्यात एसटी.

प्रकल्पच नको, असं माझं मत नव्हतं आणि नाही. सध्याचा स्टँड पावसात गळतो, बायकांच्या प्रसाधनगृहाला कुलूप असतं. शाळेतले, बँकेतले, तहसीलमधले निम्मे लोक यवतमाळहून अपडाऊन करतात. स्टँडलगत धड फ्लॅट मिळाले तर त्यातले काही गावात राहायला येतील, हा सल्लागारांचा मुद्दा मला पटतो.

हरकतींचा गठ्ठा मोठा होता, पण बराचसा एकाच मजकुराच्या झेरॉक्स आणि खाली मेन लाइनच्या, म्हणजे मुख्य बाजारपेठेतल्या, दुकानदारांच्या सह्या. आमचा धंदा बसेल, एवढंच. ते तासाभरात आटोपलं. मग एक भाजीवाल्या मामी उभ्या राहिल्या. हातात नोटीस नाही, अर्ज नाही. अर्ज कुणीतरी लिहून दिला होता तो फायलीत होता.

"मॅडम, आमच्या गावची गाडी दिवसातून चार टाइम. बाजार उठते पाचले अन् गाडी लागते साडेसहाले. तवरोक आमी टोपले घेऊन बसाव कुठी? फ्लॅटमंदी?"

सभागृह हसलं. मामी हसल्या नाहीत. सल्लागारांनी लेझर टाकून दाखवलं: वेटिंग एरिया ४५ चौरस मीटर. मेट्रोच्या स्टेशनात एवढं चालतं, कारण गाडी काही मिनिटांत येते. इथे माणूस दीड-दीड तास बसतो. चहाची टपरी, रसवंती, झेरॉक्स, पानठेला, सगळे त्याच बसण्यावर जगतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर बाजाराच्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. मानव विकास योजनेच्या निळ्या बसने येणाऱ्या मुली शाळा सुटल्यावर इथेच वही मांडीवर घेऊन बसतात. बसणं हा या जागेचा मोठा वापर आहे आणि क्षेत्रफळाच्या तक्त्यात त्याला सगळ्यांत लहान आकडा होता.

पुढची हरकत एकाच ओळीची होती. "या नकाशात गाडी वळत नाही. आपला, सेवानिवृत्त चालक." काका समोर आले आणि त्याउपर काही बोलेचनात. सल्लागार म्हणाले, संगणकावर तपासलंय, वळते. काका म्हणाले, "वळवून दाखवा." मॅडमनी घड्याळ बघितलं, पेन बंद केला आणि म्हणाल्या, "चला मग, स्टँड काही लांब नाही."

आरोग्य विभागाकडून चुन्याची अर्धी पिशवी आली. सल्लागारांचा तरुण इंजिनिअर आणि मी टेप धरून बसलो. दुकानांची रेघ, फलाटाची रेघ, मग खांब. खांबाच्या जागी दोन-दोन विटा. खांब साडेचार मीटरवर होते, कारण वरच्या खोल्यांच्या भिंती तिथे येत होत्या. साधी एसटी ११-१२ मीटर लांब. तिला वळायला बाहेरच्या अंगाने साधारण १२ मीटर त्रिज्या लागते, आणि मागच्या चाकांमागचा लांबलचक भाग वळताना उलट्या बाजूला झाडू मारत जातो. हे सगळं आम्ही पुस्तकात शिकलेलो असतो.

वाहतूक नियंत्रक आधी गाडी द्यायला तयार नव्हते. आगार व्यवस्थापकांना फोन झाला, मग सुटायला अवकाश असलेली एक गाडी मिळाली. तरुण ड्रायव्हर स्टेअरिंगवर, काका मागे उभे राहून पत्र्यावर थाप मारत. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... थांब!" पहिल्या खेपेला मागच्या टोकाने दोन खांब गेले. विटा परत मांडल्या. दुसऱ्या खेपेला खांब वाचले, पण पुढचा बंपर चुन्याची रेघ ओलांडून दुकानात. बाजाराची गर्दी गोळा झालीच होती. "बावा, कोनाचं दुकान पाडलं?" कुणीतरी ओरडलं. शेवटी चार वेळा मागे-पुढे करून गाडी फलाटाला लागली तेव्हा बाहेर यायला थांबलेल्या दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजत होता आणि फाटकात दोन काळीपिवळ्या आडव्या उभ्या होत्या.

इंजिनिअर चुन्यात गुडघे टेकून चाकांचे ठसे वहीत उतरवत होता. हा पोरगा मला आवडला. म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरमध्ये आमची गाडी एकटीच असते." खांब हलवता येतील का, मॅडमनी विचारलं. येतील, तो म्हणाला, पण मग वरचे मजले पेलायला तळमजल्यावर जाड ट्रान्सफर गर्डर घालावे लागतील, खर्च वाढेल, आणि बीओटीचं गणित फ्लॅटवरच बसवलेलं आहे. त्याचे साहेब तोवर फोनवर लागले होते.

मला जे म्हणायचं होतं ते त्या पोराने दोन वाक्यांत सांगून टाकलं. स्टँडची जागा मोक्याची म्हणून इमारत येतेय; एसटी तिच्यात भाडेकरूसारखी.

कागदावर आणताना अडचण आली. काकांची हरकत "अंशतः मान्य" लिहिता येते. ड्रायव्हर हरकतदार नव्हता, त्यामुळे विटा कुठे पडल्या हे सुनावणीच्या तक्त्यात बसेना. मग "स्थळपाहणी" असा वेगळा परिच्छेद करून, टेपची मापं घालून, मॅडमची सही घेतली. मामींच्या हरकतीपुढे सल्लागारांच्या माणसाने "नोंद घेण्यात आली" सुचवलं होतं. नोंद घेतली म्हणजे काहीच केलं नाही, हे आमच्या खात्यात शिपायालाही ठाऊक असतं. मॅडमनी तिथे "मान्य, प्रतीक्षा जागा वाढवावी" असं स्वतःच्या हाताने लिहिलं.

सुधारित नकाशा आलाय. फलाटांपुढचे खांब नऊ मीटरवर गेलेत, दर्शनी दुकानांची एक रांग आणि फ्लॅटचा एक मजला कमी झालाय, बसायची जागा तिपटीहून जास्त झालीय. भाजीबाजाराचे ओटे मात्र तळमजल्यावर मावले नाहीत म्हणून पहिल्या मजल्यावर नेलेत. लिफ्ट आहे, असं टिपणीत लिहिलंय. डोक्यावर टोपलं घेऊन वर कोण चढणार आणि वांगी घ्यायला तिथे कोण जाणार, हे मी माझ्या टिपणीत लिहिलं. बदल एवढा मोठा असेल तर नोटीस नव्याने काढावी लागेल का, यावर सध्या नगर परिषदेशी पत्रव्यवहार चालू आहे.