‘यात काय वाढणार?’: आमची वाटचाल

आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात. आजोबांच्या वेळी सगळा माल तांब्या-पितळेचा: हंडे, घागरी, पराती, बंब. गिऱ्हाईक आलं की आजोबा आधी विचारायचे, “यात काय वाढणार?” बिनकल्हईच्या पितळी वाटीत ताक कळकतं, आमटी कळकते. आंबटाने तांबं सुटून अन्नात उतरतं. म्हणून उष्टावणासाठी कुणी पितळी वाटी मागितली, तर कल्हई लावल्याशिवाय आजोबा ती हातात देत नसत.

वडिलांनंतर दुकान मी हाती घेतलं आणि हा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. मुलांसाठी चित्रांच्या मेलामाइन ताटल्या, म्हणजे एका कडक प्लास्टिकच्या, आणल्या. हलक्या, स्वस्त, पडल्या तरी सहसा न फुटणाऱ्या. भराभर खपत होत्या. एक दिवस एक आजी ताटली परत घेऊन आल्या. मधला हत्ती चमच्याने खरवडून अर्धा गेला होता. “याची सोंड कुठे गेली गं? नातवाच्या पोटातच ना?”

मला उत्तर देता आलं नाही. माझी दीड वर्षाची लेकही घरी तसल्याच ताटलीत जेवत होती.

पुरवठादाराकडे कागद मागितले. आला तो ‘फूड ग्रेड’ एवढेच दोन शब्द छापलेला कागद. मग मी स्वतः वाचायला बसले. मेलामाइनची भांडी मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या राळेची असतात. थंड, कोरड्या खाऊला चांगल्या प्रतीची ताटली चालते. पण सत्तर अंशांच्या वर तापलेलं आंबट अन्न त्यात असलं, तर मेलामाइन अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर ती ठेवूच नये. आपल्या घरी मुलाच्या ताटात काय पडतं? आमसूल घातलेली, वाफाळती आमटी. उरलेला सगळा माल मी परत केला. पैसे पूर्ण मिळाले नाहीत.

मग स्टीलकडे वळलो. तिथेही पहिल्याच खेपेला फसलो. 304 या प्रतीचं स्टील म्हणून आलेल्या वाट्यांवर मिठाच्या डाळीने बारीक तांबूस ठिपके पडले. आम्ही चुंबक लावून पाहिलं होतं, चिकटलं नव्हतं, म्हणून निर्धास्त होतो. खरं तर 202 या हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला काही अर्थ नाही. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण मीठ-आंबटाला कमी टिकतं. आता पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे त्यात कोणते धातू किती आहेत हे सांगणारा कारखान्याचा दाखला, बघितल्याशिवाय माल उतरवत नाही, आणि प्रत्येक खेपेतली एक वाटी प्रयोगशाळेत पाठवतो. 2024 मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला, त्याचा मला मनापासून आनंद झाला.

काठावर तर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. बाहेर वळवलेला काठ ओठाला लागत नाही, पण वळण पोकळ राहिलं की आत खरकटं पाणी साचतं. कारागिराकडून चार वेळा नमुने करून घेतले, तेव्हा कुठे काठ पूर्ण दाबून बसला. प्रत्येक ताटलीच्या काठावरून मी अजूनही स्वतः बोट फिरवते.

आतल्या बाजूला रंग किंवा चित्र असलेलं भांडं आम्ही ठेवत नाही, मग ते काचेचं असो वा चिनीमातीचं. भडक लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम, शिसं असू शकतं, आणि शिशाचं तर सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही. चित्राऐवजी आम्ही यंत्राने मुलाचं नाव घालून देतो, तेही ताटलीच्या पाठीवर.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. स्टीलची वाटी गरम वरणाने हाताला चटका देते. दुहेरी भिंतीच्या वाट्या मागवून पाहिल्या. रोज धुतल्यावर महिन्याभरात दोन्ही भिंतींच्या सांध्यातून पाणी आत शिरलं, हलवलं की खुळखुळ ऐकू येई. त्या विकायला काढल्या नाहीत. सध्या एका कारागिराबरोबर सांधा वेगळ्या पद्धतीने जोडून बघतोय. तोवर वाटी मागायला आलेल्या आईला मी विचारते, “यात काय वाढणार?” आणि वरण असेल तर आधी थाळीत पसरून निववायला सांगते.