गारपिटीनंतरची छाटणी

"गारांनी बाग झोडपली, तरी एप्रिलमध्ये पुन्हा छाटणीला माणसं लावता. एवढी उमेद आणता कुठून?" निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे हे कळलं की पाहुणे हे विचारतातच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

द्राक्षाची छाटणी आमच्याकडे वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. तिच्यावर माल येतो. माल निघाला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. त्या वेळी ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एखाद-दुसरा डोळा (फूट निघते ती जागा) ठेवून काडी कापून टाकायची. मग ज्या फुटी निघतात त्यांच्यावर त्या उन्हाळ्यात माल धरायचा नसतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या उन्हात नुसता पाला सांभाळत बसलेत. पण त्याच कोवळ्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड घडत असतो. डोळ्यांवर ऊन पडावं म्हणून फुटी विरळायच्या, शेंडे मारायचे, पाण्याचा आणि नत्राचा हात आवरायचा. तेव्हा दुर्लक्ष झालं, तर ऑक्टोबरात बाग हिरवीगार फुटते आणि घड शोधावे लागतात.

२६ नोव्हेंबर २०२३ ला आमच्या तालुक्यात गारपीट झाली. मणी फुटले, पानांच्या चिंध्या झाल्या, काड्यांना जखमा झाल्या. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. सकाळी सासूबाई बागेत फिरून आल्या आणि म्हणाल्या, "घड गेले गं, पण ओलांडे शाबूत आहेत." त्यांनी आधी खोड आणि ओलांडे पाहिले होते. मग आम्ही फुटलेले घड काढले, जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून फवारणी केली. पुढच्या एप्रिलसाठी वेल जगवायची, एवढंच तेव्हा हातात होतं.

मला आशा वाटते ती या अर्थानं. नुकसान मोजायचंच, रडायचंही. पण जिवंत काय उरलंय तेही त्याच दिवशी बघायचं, आणि त्याला लागेल ते काम सुरू करायचं. असं बघायला मन आपोआप तयार होत नाही, त्याला रोज तिकडे वळवावं लागतं.

एक मात्र कळकळीनं सांगते. बाग गेलेल्या माणसाला "सकारात्मक राहा" म्हणू नका. गावच्या पतपुरवठा सोसायटीचं कर्ज उमेदीनं फिटत नाही. त्याला पंचनामा वेळेवर हवा, विम्याचे पैसे हवेत, आणि वेलींचा पडलेला मंडप उभा करायला चार माणसं हवीत. आमच्याकडे शेजारी न बोलावता आले होते. त्या चार दिवसांत मला जो धीर आला, तो कोणाच्या उपदेशानं आला नसता.

आता गोडी छाटणीआधी काड्या तपासणीला प्रयोगशाळेत देतो. कितव्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. कधी अहवाल चांगला येतो, कधी निम्मे डोळे वांझ निघतात. जिथे घड दिसला, त्याच्या पुढे काप घ्यायचा, हे छाटणीवाल्यांना प्लॉटवर उभं राहून मी स्वतः दाखवते.